अनसाक्काचा सोयरा

अनसाक्का कासारणीचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत. गावी गेलं की तेच, सांगलीत आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाच्या खोलीतही तेच. "तुमच्या त्या कासारणीचा महाराजांचा किस्सा सांगा ना." मी सांगते. लोक पोट धरून हसतात. मग मी झोळीतून माझं पत्रक काढते, की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात. म्हणून म्हटलं, एकदा काय ते लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं. यात मी तिची आरती ओवाळणार नाही. ती बाई मला आवडत होती का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. तिचा हेवा वाटायचा, हे मात्र स्वच्छ सांगते. अजून वाटतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्याच्या अगदी कडेचं. नावेत बसून पलीकडं उतरलं की सातारा जिल्हा. सोमवारी बाजार भरायचा आणि दोन्हीकडच्या बाया यायच्या. चावडीकडून बाजारात शिरलं की पहिली बैठक अनसाक्काची. खाली पोतं, त्यावर सतरंजी, पुढं दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा आणि मागं तिचा नवरा. नवरा म्हणजे एक सायकल आणि सायकलीला टेकलेला एक माणूस. तो बोललेला मी कधी ऐकला नाही. बोलायला जागाच नव्हती.

बांगड्या भरताना ती आधी बाईचा हात हातात घेऊन चांगला मळायची, भाकरीचं पीठ मळावं तसा. अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, बोटं एकमेकांवर दुमडायची, आणि तेवढ्यात बाईच्या घरातलं सगळं काढून घ्यायची. सासू कशी आहे, म्हैस किती दूध देते, धाकट्या दिराचं काय चाललंय. बाई सांगण्यात गुंगली की बांगडी सर्रकन मनगटावर. दुखलं हे कळायच्या आत दुसरी. आणि हसू आलं की ती स्वतःच्या तोंडावर हात धरायची नाही. गिऱ्हाइकाचा जो हात हातात असेल तोच उचलून आपल्या तोंडावर धरायची आणि त्याच्या आड खदखदा हसायची. मग ती बाईही हसायची. स्वतःच्या हातामागं दुसरं कुणी हसत असलं की माणूस गंभीर राहूच शकत नाही. मी हे लांबून बघितलेलं आहे. माझा हात तिनं कधी तोंडावर धरला नाही, कारण मी तो कधी तिच्या हातात दिला नाही.

मी बांगड्या घालत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या मंडळाचं एक पत्रक वाचलं, 'बांगडी की बेडी?', आणि त्याच दिवशी हात मोकळे केले. अनसाक्काच्या समोरच्या बाजूला, भजीवाल्याच्या शेजारी उभी राहून मी पत्रकं वाटायची. बुवाबाजी, गंडेदोरे, भोंदू वैद्य. ती मला 'कागदवाली' म्हणायची.

"ये गं कागदवाले, बस जरा. हात बघ की तुझं, रांडमुंड दिसत्यात."

"अनसाक्का, बांगडी ही बेडी आहे."

"आगं बेडी असती तर मी फौजदार झाले नसते व्हय? हितं धुरळा खात बसले असते?"

भजीवाला हसला, भजी घ्यायला थांबलेले हसले. माझ्या हातातली पत्रकं तशीच.

आता तिच्या कातडीबद्दल. लिहायचं आहे ते त्याबद्दलच. तिच्या दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर, पंजांच्या पाठीवर आणि कपाळाच्या वर केस सुरू होतात तिथं लाल चट्टे होते आणि चट्ट्यांवर पांढऱ्या खपल्या. माशाच्या खवल्यासारख्या, एकावर एक. बाजार उठला की ती सतरंजी झटकायची आणि म्हणायची, "सोयऱ्यानं लय भुसा सांडला आज."

सोयरा हे तिच्या रोगाचं नाव. ते असं पडलं की गावातल्या वैद्यानं आधी ते इसब ठरवलं होतं, दुसऱ्यानं गजकर्ण. शेवटी नवऱ्यानं तिला सायकलवरून स्टँडपर्यंत आणि तिथून एसटीनं मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कोपर बघून सांगितलं, सोरायसिस. अनसाक्कानं ऐकलं सोयरासिस. परत आल्यावर चावडीपुढं तिनं ते जाहीर केलं.

"दागदर म्हणला, आक्का, ह्यो सोयरा हाय. आपला आपण येतो, मनाला यील तवा जातो, पुन्ना येतो. हाकलायचा न्हाई. तेल-पानी बघायचं, राग येऊ द्यायचा न्हाई. दुसऱ्याच्या घरला ह्यो जात न्हाई, म्हणला. ज्याचा सोयरा त्याच्याच घरला."

डॉक्टर असं बोलले असतील यावर माझा काडीचा विश्वास नाही. ते म्हणाले असतील की हा आजार दीर्घकालीन आहे, संसर्गजन्य नाही आणि चढउतार होत राहतात. मी माझ्या पत्रकात हेच लिहिलं होतं, याच शब्दांत. कुणी वाचलं नाही. अनसाक्काचं म्हणणं मात्र आठ दिवसांत दोन्ही काठांवर पाठ झालं. पलीकडच्या गावातले एक म्हातारे गृहस्थ तर कासारणीचा सोयरा आलाय, अजून बिनलग्नाचा आहे, असं ऐकून नातीसाठी चौकशीला नावेत बसून आले होते. तिनं त्यांना चहा पाजला आणि कोपर दाखवलं. "ह्यो बघा नवरदेव. बघा पसंत पडतोय का."

मला संताप यायचा तो तिच्या औषधांचा. जगात जेवढं म्हणून अंगाला फासता येतं तेवढं ती फासून झाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी डांबराचं काळं मलम दिलं होतं, ते ती लावायची. त्यावर करंजाचं तेल. त्यावर कुणीतरी सांगितलेला कडुलिंबाचा वाटलेला पाला. सकाळी उन्हात बसायची, तेही डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण उन्हात बसून गोमूत्र प्यायची ते तिच्या जावेनं सांगितलं होतं. गळ्यात एक मुळी बांधली होती. वांगं सोडलं होतं. साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या एका मास्तरांनी दिल्या होत्या, त्या ती स्वतः घ्यायची आणि शेळीला पण द्यायची. "तिला बी खाज हाय." एका दाढीवाल्यानं बिब्बा लावायला सांगितला तेव्हा सगळा हात भाजून फोड आले, महिनाभर बांगड्या भरता आल्या नाहीत. तिनं त्या दाढीवाल्याला शिवी दिली नाही. "त्यानं बी जीव लावून सांगितलं हुतं गं."

मी म्हणायची, "अनसाक्का, एका वेळी एकच औषध लाव. म्हणजे गुण कशानं आला ते कळेल. यालाच प्रयोग म्हणतात."

"आणि सोयऱ्याला रोज एकच भाजी वाढू?"

"पण बरं कशानं वाटलं तुला?"

"समद्यानंच वाटलं. जरा जरा."

या उत्तरावर मी काय लिहावं? या एका उत्तरानं आमच्या मंडळाची सोळा पानी पुस्तिका निकालात निघते.

एकदाच मी तिला हरलेली बघितली. इस्लामपूरच्या बाजूला कुणीतरी इंजेक्शनच्या सुया टोचणारा होता, बोर्डावर डॉक्टर लिहिलेला. त्याच्या सुईनं आठ दिवसांत कातडी लहान पोरीसारखी झाली. अनसाक्का बाजारात दंडापर्यंत बाह्या वर करून बसली, ज्याला त्याला हात लावून बघायला सांगत. मलाही बोलावलं. सुया थांबल्यावर सगळं परत आलं आणि असं आलं की पाठ, मांड्या, तळवे काही सुटलं नाही. दोन सोमवार ती आली नाही. तिसऱ्या सोमवारी आली तेव्हा उठताबसता कण्हत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "गेला तवा एकटाच गेला गं. आला तवा वऱ्हाड घिऊन आला."

मी त्या सुयांवर पत्रक काढलं. चांगलं होतं ते. पण लोकांच्या तोंडी बसलं ते वऱ्हाड.

आता महाराजांचा किस्सा. पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या अंगाला एका डोंगरात एक महाराज बसायचे. अंगात काळी कफनी. कातडीचे सगळे रोग बरे करतो म्हणायचे. माणसाचे हात कोपरापर्यंत गरम राखेत पुरायला लावायचे आणि साबण आयुष्यभर वर्ज्य. आमच्या मंडळानं ठरवलं की याचा पर्दाफाश करायचा. रोगी म्हणून अनसाक्काला न्यायचं, राखेनं काही होत नाही हे तिनं चारचौघांत सांगायचं, आणि मग मी उठून प्रश्न विचारायचे. प्रश्न मी लिहून काढले होते, पाठ केले होते. एसटीत मी तिच्याकडून तिची वाक्यं दोनदा म्हणून घेतली. ती खिडकीतून ऊस बघत होती.

गर्दी मायंदळ. रांग पुढं सरकत होती. अनसाक्का महाराजांपुढं बसली, हात पुढं केले. महाराजांनी डोळे मिटले. मी उठून उभी राहिले, घसा साफ केला. तेवढ्यात अनसाक्का पुढं वाकून महाराजांच्या खांद्याकडं निरखून बघायला लागली. काळ्या कफनीच्या दोन्ही खांद्यांवर पांढरा भुसा पडलेला. तिनं बोटानं थोडा उचलला, उन्हात धरला आणि तिचा तो नदीपलीकडं पोचणारा आवाज लावला.

"अगं बया! महाराज, सोयरा तुमच्याकडं बी हाय की ओ!"

क्षणभर कुणाला कळेना. मग तिच्या मागची बाई फिस्सकन हसली आणि मग रांगच्या रांग. महाराजांनी डोकं झाकलं. अनसाक्काला तेवढ्यानं पुरलं असतं तर एक वेळ ठीक होतं. तिनं महाराजांना धीर दिला. "लाजायचं न्हाई. डोस्क्याला करंजाचं तेल लावा रातीचं. आणि ही काळी कापडं टाका, भुसा लय दिसतोय. धोतर नेसा पांढरं."

लोक हसत हसत डोंगर उतरले. महाराज पुढं कुठंतरी निघून गेले म्हणतात. आमची एसटी कराडला पोचायच्या आधी ही गोष्ट कराडला पोचलेली होती. माझे प्रश्न कुणीही ऐकले नाहीत. चांगले प्रश्न होते. ज्यानं भोंदूला करंजाचं तेल सुचवलं त्याचं कौतुक आणि ज्यानं शास्त्र सांगितलं असतं त्याला कुणी विचारत नाही, हा काय न्याय आहे? परत येताना मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंही नाही. ती शेजारच्या बाईचा हात मळत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरकारी गाडी गावात आली, महारोगाच्या तपासणीची. बाजाराचाच दिवस होता. गाडी चावडीपुढं थांबली म्हणजे अनसाक्काच्या पुढ्यात थांबली. उतरलेल्या माणसानं तिचे चट्टे बघितले, कापसानं स्पर्श करून बघितला. ती गुदगुल्या होतात म्हणून ओरडली. माणूस हसला, म्हणाला, बाई, तुमचं हे ते नव्हे. गाडी पुढं गेली. एवढंच. पण ते ऐकलं जवळच्या चौघींनी आणि गाडी थांबलेली बघितली सगळ्या बाजारानं. पुढच्या सोमवारी बाया आल्या त्या उभ्या राहूनच माळेचा भाव विचारायला लागल्या. "घरी घालतो साबण लावून," म्हणायच्या. हात कुणी पुढं करेना.

मी मागं हटणारी नाही. मी पत्रक काढलं, 'सोरायसिस: समज आणि गैरसमज'. पत्र्याचा भोंगा घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि सगळं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाया भजीवाल्याच्या पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर अनसाक्का म्हणाली, "कागदवाले, रोग हा शबुद किती येळा आला गं त्यात?"

"मग काय म्हणायचं? रोगाला रोग नको म्हणू?"

"म्हण की. पण आत्तापतूर नुसता सोयरा हुता."

मला अजून वाटतं की शास्त्रीय शब्दच वापरला पाहिजे. सोयरा म्हणून रोग कमी होत नाही. पण तिच्यापुढं गिऱ्हाईक नव्हतं आणि तिनं रिकाम्या हातांनी स्वतःचेच गुडघे मळायला घेतले होते, ते माझ्याच्यानं बघवेना.

शालन माझी मैत्रीण. पहिलीपासूनची. तिच्या घरचा मोठा ऊस, वडिलांना गावात मान. आम्ही एका पाटीवर लिहिलेलं, एका डब्यात जेवलेलो. इस्लामपूरच्या कॉलेजात जायला लागल्यापासून ती मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी घालायची. मी तिला चिडवायची की सिनेमातली आलीस मोठी. तिचं लग्न ठरलं पलीकडच्या काठचं, साताऱ्याच्या हद्दीतलं. मुलगा फौजेत, नाव संपत; घरात त्याच्या आत्याचा शब्द चालायचा.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना मी नवीन पत्रक दाखवायला अनसाक्काच्या घरी गेले. पुढं कुणी नव्हतं म्हणून परसात डोकावले. उन्हात शालन बसलेली. बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या. दोन्ही कोपरांवर आणि खाली मनगटाच्या दिशेनं चट्टे, आणि अनसाक्का त्यांवर काळं मलम बोटानं हळूहळू जिरवते आहे. दोघी कशावर तरी हसत होत्या. शालनचा एक हात अनसाक्काच्या तोंडावर होता.

मी विचारलं, "कधीपासून?"

"मॅट्रिकच्या वर्षापासून."

"आणि हिला कधीपासून माहीत आहे?"

"तिला कसं माहीत नसंल? हात तिच्याच हातात असतोय."

"मला का नाही सांगितलंस शालन?"

शालननं माझ्याकडं बघितलं आणि अगदी सरळ म्हणाली, "मंगे, तू पत्रक काढलं असतंस."

अनसाक्का हसली नाही, हे तिच्या बाजूनं नोंदवते. तिनं मला पाट दिला. मी बसले नाही. मी जे बोलायचं ते बोलले. हे लपवणं म्हणजे फसवणूक आहे, यात लाजण्यासारखं काही नाही, हा संसर्गजन्य नाही, मांडवात उभं राहून सांगितलं पाहिजे, मी सांगते हवं तर.

"सांगायचं हायच की," अनसाक्का म्हणाली. "पर कुणी आणि कुणाला? तिनं सांगायचं, तिच्या नवऱ्याला, तिच्या तोंडानं. तो कुठाय आत्ता? शीमेवर. लग्नाच्या आदल्या दिशी उतरणार गाडीतनं. मधल्यामधी त्याच्या आत्यानं कशापायी ठरवायचं?"

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर तो न्हाई म्हणला. तिला कळंल तरी कोण म्हणलं ते."

शालन तिच्या खांद्याला टेकली. पहिलीपासूनची मैत्रीण माझी, आणि टेकली ती तिला. मी पत्रक तिथंच चुलीशेजारी ठेवून आले. तिनं जाळलं असेल.

शालनच्या आईला, सोनाकाकीला, पोरीचं ठाऊक होतं. लांब बाह्या तिनंच शिवून घेतल्या होत्या. पण गाडीच्या गवगव्यानंतर अनसाक्काला लग्नघरात आणायचं म्हणजे पंचाईत. काकीनं कराडचा कासार सांगितला. शालननं जेवण सोडलं. परका कासार हात हातात घेणार, बाही वर सारणार, आणि संध्याकाळच्या आत कराडपर्यंत बातमी. शेवटी काकीनं अनसाक्कालाच बोलावलं, मागच्या दारानं.

हिरवा चुडा भरताना नवऱ्याकडची एक बाई शेजारी बसते, अशी त्यांच्याकडची रीत. संपतच्या आत्याबाई आल्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, नजर त्याहून घट्ट. माजघरात बाया दाटीवाटीनं बसलेल्या, मी शालनच्या मागं. अनसाक्का डोक्यावरून पदर घेऊन, हात पदरात झाकून आली आणि खाली मान घालून, पदराखालूनच कामाला लागली. डावा हात झाला. बाही जेमतेम चार बोटं वर सरकवून, बांगड्या मनगटाशीच दाटून तिनं तो निभावला. उजव्याला दुसरीच बांगडी बाहीच्या काठाला अडकली.

आत्याबाई म्हणाल्या, "बाही वर कर की गं पोरी. काच फुटंल, अपशकून व्हईल."

शालननं डाव्या हातानं बाही घट्ट धरली. काकीचं तोंड पांढरं पडलं. "थांबा, मी करते," म्हणून आत्याबाई स्वतःच पुढं सरकल्या. मला वाटलं, आता बोललं पाहिजे. मी म्हणाले, "आत्याबाई, एक गोष्ट शास्त्रीय दृष्टीनं समजून घ्या—"

"आवं आत्याबाई!" अनसाक्काचा आवाज असा आला की माझं वाक्य कुठं गेलं मलाच सापडलं नाही. तिनं पदर बाजूला टाकला, दोन्ही हात दंडापर्यंत उघडे केले आणि आत्याबाईंच्या जवळजवळ मांडीवर ठेवले. "दुसऱ्याच्या बाह्या कशाला वर करताय, माझ्या बघा की! बघा कसा फुललाय सोयरा माझा! हात लावून बघा, लाजू नगा!"

आत्याबाई किंचाळल्या. विस्तवावर बसल्यासारख्या उठल्या. "आगं बाई, ही कोण घाण आणली घरात? ह्या हातानं चुडा भरतीया नवरीला? पाणी द्या, पाणी द्या आधी!" आणि लुगडं झटकत परसाकडं धावल्या. त्यांच्यामागं काकी, काकीच्या मागं अर्ध्या बाया, उरलेल्या दाराशी परसाकडं माना वळवून.

अनसाक्कानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शालनची बाही तिनं एका झटक्यात वर सारली, हात दाबला आणि बांगड्या चढवत गेली. एकामागं एक. तेवढ्या घाईत एक फुटली नाही. बाही खाली. परसातून आरडाओरडा येत होता, उतरवा तो चुडा, दुसरा कासार आणा. अनसाक्का माळा गोळा करत शांतपणे म्हणाली, "भरलेला हिरवा चुडा उतरवायचा नसतोय. लगीन हुईस्तवर कुणाची छाती न्हाई." हे तिला आधीपासून ठाऊक होतं. एवढ्यासाठीच तिनं घाई केली होती.

चुडा भरला की नवरी कासारणीला नमस्कार करते. आत्याबाई ओल्या हातांनी दारात उभ्या. काकी त्यांच्या मागून डोळ्यांनी शालनला नको नको म्हणत होती. शालन वाकली. तिनं कपाळ अनसाक्काच्या पायांवर ठेवलं, त्या भेगाळलेल्या, खपल्यांच्या पायांवर, आणि लवकर उचललं नाही. मग काकीला सगळ्यांदेखत म्हणावं लागलं की चूक झाली, ही बाई या घराच्या उंबऱ्याला पुन्हा लागणार नाही. अनसाक्का म्हणाली, "व्हय, काकी," आणि मागच्या दारानंच गेली.

मी अजून त्या प्रसंगाचा विचार करते तेव्हा रागानं मुठी वळतात. त्या दिवशी माजघरात खरं काय ते मला माहीत होतं. शब्दन् शब्द माहीत होता. पण शालनला वाचवलं ते माझ्या खऱ्यानं नाही, अनसाक्काच्या कोपरांनी. मला तशी कोपरं नाहीत. माझी कातडी स्वच्छ आहे आणि माझ्या कातडीचा कुणाला काही उपयोग नाही.

आत्याबाईंच्या बोभाट्यानं नदीच्या त्या काठाला आणि काकीच्या शब्दानं या काठाला अनसाक्काचं उरलंसुरलं भरणं बंद पडलं. बाजारातली पहिली बैठक गेली. तिथं कराडचा कासार बसायला लागला. ती स्टँडच्या भिंतीला बसायची, कंगवे, पिना, आरसे आणि माळेच्या माळा विकत. उचलून द्यायचं, घ्यायचं, कुणाच्या हाताला हात नाही. एसटी बदलताना मी तिला बघायची. तिची जीभ तशीच होती. कंडक्टर, हमाल, सगळे तिच्यापुढं थांबायचे आणि हसायचे. पण हसू आलं की तिचे हात वर उठायचे, काहीतरी शोधायचे आणि तसेच मांडीवर परत यायचे. एकदा तिनं मला हाक मारली. "कागदवाले, हात दे की गं जरा." मी म्हटलं, गाडी सुटतेय. गाडी खरंच सुटत होती.

शालनचं पुढचं मला काकीकडून कळलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिनं नवऱ्याला आपणहून बाही वर करून दाखवली. संपतनं म्हणे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दुखतंय का?" फौजेत त्याच्या तुकडीतल्या एकाला असंच होतं. पुढच्या रजेला तो मिलिटरीच्या दवाखान्यातून डांबराच्या मलमाचा डबा घेऊन आला. आत्याबाईंना कळलं तेव्हा शालनला दिवस गेले होते, त्यामुळं त्यांनी तोंडाला पदर लावला एवढंच. हे सगळं शालननं मला सांगितलं नाही. मला सांगायचं राहून गेलं असेल.

परवा, म्हणजे या हिवाळ्यात, मी साताऱ्याहून सांगलीला येत होते. झोळीत नवीन पत्रकं होती, अजून शाईचा वास येत होता. आमच्या स्टँडवर गाडी थांबली. सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर आलं होतं आणि भिंतीला अनसाक्का बसलेली होती. तिच्या शेजारी, त्याच पोत्यावर, शालन. आखूड बाह्यांचं पोलकं, मांडीवर तान्हं पोर. दोघींनी हात उन्हात पसरलेले. काळ्या मलमानं चकाकणारी चार कोपरं, भर स्टँडवर, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावी अशी. गाडीतून उतरलेल्या बाया बघत होत्या. एक तर थांबून, वाकून शालनला काहीतरी विचारतही होती आणि आपला हात नकळत पुढं धरून उभी होती.

शालननं काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं ते इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. अनसाक्काला हसू फुटलं. तिनं शालनचा हात उचलला, आपल्या तोंडावर धरला आणि त्याच्या आड हलायला लागली.

कंडक्टरनं विचारलं, "उतरायचंय का बाई?"

माझा हात खिडकीच्या गजावर होता. मोकळा. मी म्हटलं, "नाही. सांगली."